खुडूक कोंबडी की इनक्युबेटर?

वहिनी, पिलं दोन्हीकडे 21 दिवसांनीच निघतात. फरक आहे तो राबण्याचा. खुडूक, म्हणजे अंड्यांवर बसायला आलेली, कोंबडी अंडी फुकट उबवते, अंडी स्वतःच फिरवते आणि पुढे पिलं पंखाखाली घेऊन हिंडते. ही शेवटची गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते. फक्त बसवताना डालग्यात राख टाका, नाहीतर उवांनी हैराण होऊन ती उठते. एकीखाली दहा-बारा अंडीच मावतात, आणि पिलं सुटी होईपर्यंत तिचं अंडी देणं बंद.

इनक्युबेटर हवा तेव्हा लावता येतो, अंडीही जास्त बसतात. पण तापमान 37.5 अंशांच्या आसपास राखायचं, 18व्या दिवसापर्यंत अंडी फिरवायची, आणि वीज गेली की जीव टांगणीला. नंतर पिलांना बल्बची ऊब लागतेच.

घरापुरती पिलं हवी असतील तर कोंबडीच बसवा. विकायची असतील आणि घरात इन्व्हर्टर असेल, तरच मशीन घ्या.