सीसी नूतनीकरणाचा अनुभव: पाचपैकी चार तारे

अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना आहे. सोलापुरातल्याच एका नागरी सहकारी बँकेत सीसी (कॅश क्रेडिट, म्हणजे माल आणि उधारीच्या तारणावर ठरलेल्या मर्यादेपर्यंत पैसे उचलायचं कर्जखातं) आहे, यंदा तिचं नूतनीकरण केलं. नाव मुद्दाम देत नाही.

कर्ज अधिकारी स्वतः कारखान्यात आले. स्टॉक स्टेटमेंट हातात धरून सुताच्या गोण्या मोजल्या, मागावर चढलेले बीम पाहिले आणि नव्वद दिवसांवरची उधारी ड्रॉइंग पॉवरमधून (माल आणि उधारी पाहून ठरणाऱ्या उचलीच्या मर्यादेतून) सरळ वगळली. बाहेरगावचा व्यापारी चार-चार महिने पैसे सोडत नाही, त्यामुळे ते जड गेलं. तरी मला पटलं. सप्टेंबर 2022 मध्ये रिझर्व्ह बँकेने आपल्याच गावच्या लक्ष्मी को-ऑपरेटिव्ह बँकेचा परवाना रद्द केला, तेव्हा पुरेसं भांडवल नसणं हेच कारण आधी दिलं होतं. ठेवीदारांची तगमग सगळ्या गावाने पाहिली. म्हणून कडक तपासणीचे तारे मी पूर्ण देतो.

तारा कापला तो शेअर लिंकिंगसाठी, म्हणजे कर्ज घेताना त्याच बँकेचे शेअर घ्यावे लागतात त्यासाठी. मंजुरीच्या अडीच टक्के, म्हणजे 20 लाखांवर 50 हजारांचे शेअर माझ्या सीसीतूनच वळते झाले. त्यावर व्याज मी भरतो आणि बँकेच्या ताळेबंदात ते भांडवल म्हणून दिसतं! कर्ज फिटलं की मी ते परत मागणार. बँकेचं भांडवल जोखीमभारित मालमत्तेच्या (जोखमीनुसार वजन देऊन मोजलेली कर्जं आणि गुंतवणूक) 9 टक्क्यांखाली गेलं तर परतावा थांबतो, हे खरं. पण तोवर जाणकार कर्जदार पैसे घेऊन मोकळे झालेले असतात. मग बुडीत कर्जाचा तोटा सोसायचा कशातून?

डिसेंबर 2022 च्या नियमांनी टियर 2 ते 4 मधल्या (ठेवींच्या आकारानुसार पाडलेल्या वरच्या गटांतल्या) नागरी बँकांना जोखीमभारित मालमत्तेच्या 12 टक्के भांडवल बंधनकारक केलं, मुदत 31 मार्च 2026. निर्णय योग्यच आहे. पण हे 12 टक्के नफ्यातून राखीव निधी वाढवून गाठले पाहिजेत. कर्जदाराच्या खिशातून आलेले शेअर त्यात कमी वजनाने धरावेत, असं माझं ठाम मत आहे.

या बँकेत सीआरएआर (जोखीमभारित मालमत्तेच्या तुलनेत भांडवलाची टक्केवारी) आणि निव्वळ एनपीए (तरतूद वजा जाता उरलेली थकीत कर्जं) विचारले, तर शाखाधिकाऱ्यांनी वार्षिक अहवाल उघडून पानच दाखवलं. तुमच्या बँकेतही विचारा, विशेषतः ठेव 5 लाखांच्या विम्यापलीकडे असेल तर. सीसीसाठी जाणार असाल तर जीएसटी रिटर्न आणि येणेकऱ्यांची तारखेनिहाय यादी सोबत न्या, काम लवकर होतं.