बोक्याला शुगर निघालीय? कोरडं की ओलं, कोणतं इन्सुलिन, आणि रक्त घरी तपासायचं की क्लिनिकला

आमचा बंड्या 7.2 किलोचा होता. नसबंदी झालेला, 9 वर्षांचा, दिवसभर सोफ्यावर. तो 6.3 वर आला तेव्हा आम्ही खूश झालो, म्हटलं चला बोका बारीक होतोय. मग एक दिवस सासूबाई म्हणाल्या की अगं ह्याच्या लिटरच्या ट्रेला मुंग्या का लागतायत. त्यांना स्वतःला 20 वर्षं डायबेटिस आहे, त्यांना लगेच कळलं. आम्हाला नाही कळलं. लिटरचे गोळे मोठे होत होते, पाण्याचं भांडं दिवसातून तीनदा भरत होतो, आणि बंड्या मागचे पाय टाचेपर्यंत टेकवून चालायला लागला होता (शुगरमुळे नसा कमजोर होतात, त्याचं ते लक्षण), तरी आम्ही आपले वजनावरच खूश.

म्हणून पहिली गोष्ट, शुगर कंट्रोलमध्ये नसताना जे वजन उतरतं ते कमावलेलं नसतं, त्यात मसल पण जातो. आधी शुगर बसवायची, मग वजन. आता नुकतंच निदान झालं असेल तर तुमच्यापुढे तीन निर्णय येतात, ते मी आमच्या अनुभवावरून आणि डॉक्टरांना खूप छळून जे कळलं त्यावरून मांडतेय. डोस मात्र तुमच्या डॉक्टरांकडूनच.

जेवण: कोरडे दाणे, ओलं पाऊच, की घरचं चिकन

ह्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवणार, कारण फरक इथेच पडतो. मांजर मुळात मांसाहारी, कार्बची तिला गरज जवळजवळ नाहीच, आणि कोरडे दाणे बनवायलाच पिठूळ काहीतरी लागतं. पाकिटावर कार्ब लिहिलेले नसतात, पण गणित सोपं आहे: 100 मधून प्रोटीन, फॅट, फायबर, ओलावा आणि राख (म्हणजे खनिजं) वजा करा. राख लिहिली नसेल तर दाण्यांना 8 आणि ओल्याला 2 धरा. समजा दाण्यांवर 30, 10, 4, 10 आहे आणि राख 8, बेरीज 62, म्हणजे 38 टक्के कार्ब. ओल्या पाऊचवर 9, 3, 1, 83 आणि राख 2, बेरीज 98, उरले 2. पण इथे फसू नका, पाणी काढून उरलेल्या 17 पैकी 2, म्हणजे कोरड्या हिशोबाने साधारण 12 टक्के. तरीही 38 (तेच कोरड्या हिशोबाने 42 होतात) आणि 12 मध्ये केवढा फरक आहे बघा. ग्रेव्हीवाल्या पाऊचमध्ये घट्टपणासाठी बऱ्याचदा स्टार्च असतो, त्यापेक्षा घट्ट वाटलेलं (pâté) बरं.

कॅलरीचं पण असंच. 5 किलो हे योग्य वजन धरलं तर आरामात बसलेल्या मांजराला दिवसाला 235 कॅलरीच्या आसपास लागतात, वजन उतरवायचं तर त्याच्या 80 टक्के, म्हणजे 188. एवढ्यात ओल्याची 85 ग्रॅमची तीनेक पाऊच बसतात आणि पोट भरल्यासारखं वाटतं. दाणे मात्र 50 ग्रॅमच्या आसपास, म्हणजे मूठभर, आणि मग बोका पहाटे 4 वाजता तुमच्या छातीवर येऊन बसतो.

दाण्यांच्या बाजूने पण बोलायला हवं. स्वस्त पडतात, कॅलरीमागे खर्च बघितला तर ओलं कितीतरी महाग आहे, दोन-तीन मांजरं असतील तर बजेटच कोलमडतं. शिवाय काही मांजरं ओल्याला तोंडच लावत नाहीत. डॉक्टरी डायबेटिक दाणे मिळतात, ते साध्या दाण्यांपेक्षा बरे पण ओल्याइतके कमी कार्बचे सहसा नसतात. मध्यम मार्ग म्हणून सकाळ-संध्याकाळ ओलं आणि मध्ये मोजून थोडे डायबेटिक दाणे असंही चालतं. मोजून म्हणजे किचनच्या काट्यावर, वाटीने नाही, वाटीचा अंदाज प्रत्येक माणसागणिक बदलतो आणि आमच्या घरात वाटी भरणारे चार होते.

घरचं चिकन हा सगळ्यांना सुचणारा पर्याय. कार्ब शून्य, पण नुसत्या उकडलेल्या चिकनमध्ये कॅल्शियम नाही, टॉरिन (मांजराला मांसातून मिळावं लागणारं एक पोषकद्रव्य) पुरेसं नाही, आणि टॉरिन कमी पडलं तर मांजराचं हृदय आणि डोळे दोन्ही बिघडतात. सप्लिमेंटसकट नीट रेसिपी डॉक्टरांनी दिली तरच, नाहीतर वरखाऊ म्हणून दोन तुकडे. कांदा-लसूण घातलेला रस्सा अजिबात नाही. आणि दूध-पोळीचा काला बंद, ह्यावरून आमच्याकडे महाभारत झालं.

किडनीचा त्रास असेल तर जास्त प्रोटीनचं आधी विचारून घ्या. आणि उपाशी ठेवून बारीक करायचा विचारही नको, जाड मांजर दोन-तीन दिवस जेवलं नाही तर लिव्हरमध्ये चरबी साठून जिवावर बेततं. आठवड्याला वजनाच्या 1 टक्क्याच्या आसपास उतरलं की पुरे, म्हणजे 7 किलोच्या बोक्याला 70 ग्रॅम. आपल्या साध्या काट्यावर हे दिसतच नाही, आम्ही सामान मोजायचा हुकवाला डिजिटल काटा आणला आणि कॅरियरसकट लटकवून मोजतो, शेजारचे हसतात.

औषध: ग्लार्जिन, लेन्टे की गोळी

ग्लार्जिन (लँटस, बासालॉग वगैरे) हे माणसांचंच इन्सुलिन, कुठल्याही मेडिकलमध्ये मिळतं, परिणाम हळू आणि लांब चालतो. कॅनइन्सुलिन म्हणजे प्राण्यांसाठीचं लेन्टे इन्सुलिन, जास्त जोरात चढतं आणि लवकर उतरतं, त्यामुळे काही मांजरांमध्ये पुढच्या इंजेक्शनआधीच शुगर परत वर जाते. दोन्ही दर 12 तासांनी. बरीच मांजरं निदानानंतर पहिल्या काही महिन्यांत ग्लार्जिन आणि कमी कार्बच्या जेवणावर असताना इन्सुलिनशिवाय राहायला लागतात, त्याला रेमिशन म्हणतात, आणि त्याचसाठी माझं मत ग्लार्जिनला. बाटलीऐवजी 3 मिलीची कार्ट्रिज घ्या, कारण बोक्याला डोस असतो 1-2 युनिट, 10 मिलीची बाटली संपायच्या आधी खराब होते.

आता सिरिंज. हे नीट वाचा. आपल्याकडे माणसांचं बरंच इन्सुलिन 40 चं (म्हणजे 1 मिलीमध्ये 40 युनिट) येतं आणि त्याची सिरिंज लाल टोपीची. ग्लार्जिन 100 चं, त्याची सिरिंज नारिंगी टोपीची. कॅनइन्सुलिन पुन्हा 40 चं. सासूबाईंचं इन्सुलिन आणि बंड्याचं एकाच फ्रिजमध्ये, दुसऱ्याच आठवड्यात मी घाईत लाल टोपीची सिरिंज उचलली आणि ग्लार्जिन भरलं. 1 च्या खुणेपर्यंत. म्हणजे प्रत्यक्षात अडीच युनिट! टोचायच्या आधी टोपी दिसली म्हणून वाचलो. त्या दिवसापासून बंड्याचा डबा वेगळा, वर मांजराचं चित्र.

टोचणं सोपं आहे, खरंच. कुशीवरची कातडी तंबूसारखी उचलायची आणि सुई आत, बंड्या तेव्हा जेवत असतो, मान पण वर करत नाही. औषध केसांवर सांडलं असं वाटलं तरी दुसऱ्यांदा टोचायचं नाही, एक डोस हुकलेला परवडतो, डबल नाही. जेवला नसेल तर आधी डॉक्टरांना फोन.

गोळीचं काय? न्यू जर्सीला माझी मामेबहीण आहे, तिच्या मांजरीला तिथल्या डॉक्टरने बेक्साग्लिफ्लोझिनची गोळी दिली, दिवसातून एकदा. अमेरिकेत ती 2022 च्या डिसेंबरमध्ये मंजूर झाली, 2023 मध्ये वेलाग्लिफ्लोझिन हे तोंडाने द्यायचं द्रव औषध आलं. ही औषधं जादा साखर लघवीवाटे काढून टाकतात, सुई नाही, वेळेची कटकट कमी, शुगर एकदम खाली जायची भीतीही कमी. पण ती आधी इन्सुलिन घेतलेल्या मांजरांसाठी नाहीत, आजारी, न जेवणाऱ्या मांजरांसाठी नाहीत, आणि शुगर नॉर्मल दिसत असतानाही कीटोन (शरीर चरबी जाळायला लागलं की रक्तात तयार होणारी आम्लं) वाढून मांजर गंभीर होऊ शकतं, त्यामुळे कीटोन तपासत राहावं लागतं. तुमच्या डॉक्टरांशी ह्यावर बोलायचं असेल तर इन्सुलिन सुरू करायच्या आधी बोला. घरातल्या आजोबांची शुगरची गोळी तोडून द्यायचं मात्र डोक्यातून काढा.

तपासणी

क्लिनिकमध्ये मांजर घाबरतं आणि नुसत्या घाबरण्याने शुगर चढते, बंड्याची तिथे 380 आणि घरी दोन तासांनी 240. म्हणून डॉक्टर फ्रुक्टोसामाइन नावाची रक्तचाचणी करतात, त्यात मागच्या दोनेक आठवड्यांचा अंदाज येतो. माणसं हाताला चिकटवतात तो शुगर मोजणारा 14 दिवसांचा सेन्सर मांजरालाही लावता येतो, आकडे छान मिळतात, पण बंड्याने तो चौथ्या दिवशी सोफ्याला घासून काढला.

राहिलं घरचं ग्लुकोमीटर. कानाची कड मोज्यात भरलेल्या कोमट तांदळाने शेकायची, मागून कापूस धरायचा, कडेला टोचायचं, थेंब आला की स्ट्रिप. पहिल्या दिवशी सात स्ट्रिपा वाया, आता एका झटक्यात. माणसांचं मीटर मांजराच्या रक्ताचा आकडा थोडा कमी दाखवतं हे लक्षात ठेवा, तरी 60 च्या खाली दिसला किंवा बोका झोकांड्या खायला लागला तर हिरड्यांना मध चोळा आणि गाडी काढा.

दाण्यांवरून ओल्यावर जाताना हे घरचं मीटर हवंच, कारण कार्ब कमी झाले की इन्सुलिनची गरजही पटकन कमी होते आणि डोस जुनाच राहिला तर शुगर कोसळते. जेवण बदलणार असाल तर डॉक्टरांना तारीख सांगून बदला.

आमचं ठरलं ते ओलं, ग्लार्जिन आणि कानाला टोचणं. तुमच्या घरी सकाळी 7 आणि संध्याकाळी 7 ला कोणीच नसेल तर हे सगळं कागदावर राहील, ते आधी बघा. आम्हाला गणपतीला पाच दिवस गावाला जायचं होतं, त्यावरच सगळं अडलं होतं. शेवटी सासूबाई म्हणाल्या तुम्ही जा, मी माझं टोचून घेते तेव्हा त्याचंही टोचेन. लाल टोपी त्यांची, नारिंगी बंड्याची, फ्रिजवर मोठ्या अक्षरात चिठ्ठी लावून निघालो.