प्रायमरीला काउन्सेलर ठेवायची की बाईंनाच तयार करायचं?

लहान मुलांच्या मनावरच्या ताणाकडे शाळेत कोणी बघायचं, यावर आमच्या पालक-शिक्षक संघात मागच्या वर्षी तीन मिटिंगा झाल्या, तिसरीत चहा संपला पण वाद काही संपला नाही, म्हणून ज्यांच्या शाळेत आत्ता हीच चर्चा चालू असेल त्यांच्यासाठी लिहितेय. आमची शाळा मराठी माध्यमाची, परळ-लालबागच्या बाजूची, पैसा बेताचाच. समोर पर्याय तीन होते: पूर्णवेळ काउन्सेलर, आठवड्यातून एक दिवस येणारी काउन्सेलर, नाहीतर बाहेरचं कुणी न आणता वर्गशिक्षिकांनाच ट्रेनिंग. वर्षातून दोनदा तज्ज्ञांचं व्याख्यान असा एक चौथा पण होता, तो सोडून द्या, ज्यांनी ऐकायला हवं ते आईवडील त्या वेळेला कामावर असतात आणि पहिल्या रांगेत आमच्यासारखेच नेहमीचे चार जण.

ठरवण्याआधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. सहा-सात वर्षांचं पोर येऊन मला टेन्शन आलंय असं सांगत नाही, त्याचं पोट दुखतं, तेही सोमवारी सकाळी नाहीतर गणिताच्या तासाला. डबा तसाच परत जातो, बंद झालेलं अंथरूण ओलं करणं परत सुरू होतं, किंवा आत्तापर्यंत गरीब असलेलं पोर अचानक बाजूच्याला चावतं. हे सगळं दिसतं कुणाला? बाईंना, शिपाईमावशींना, व्हॅनवाल्या काकांना. म्हणजे जिची खोली तिसऱ्या मजल्यावर आहे त्या काउन्सेलरला सगळ्यात शेवटी.

म्हणूनच पूर्णवेळ काउन्सेलर ऐकायला भारी वाटते, पण लहान शाळेला झेपत नाही आणि झेपली तरी वापर नीट होत नाही. पगार कमी दिला की नुकतीच एमए झालेली मुलगी मिळते, तिला कुणी सिनियर विचारायला नसतो, मग ऑफ तासाला तिलाच वर्गावर पाठवतात, गॅदरिंग आलं की डान्स बसवायला तीच. एका शाळेत तर काउन्सेलिंग रूममध्ये गॅदरिंगचे ड्रेस भरून ठेवलेले मी स्वतः पाहिलेत. प्रायमरी-हायस्कूल एकत्र असेल, मुलं भरपूर असतील, खर्च वाटला जात असेल तर मात्र हाच पर्याय घ्या, कारण रोज जिन्यात दिसणाऱ्या माणसाशी मुलं बोलतात.

बाईंना तयार करणं सगळ्यात स्वस्त आणि माझ्या मते पहिलं काम तेच. दिल्लीच्या सरकारी शाळांनी 2018 मध्ये हॅपिनेसचा तास सुरू केला, नर्सरी ते आठवी, तो वर्गातले शिक्षकच घ्यायचे. आपल्याकडे 2024 पासून पहिली ते आठवीला आनंददायी शनिवार आहेच, तो नुसती गाणी-गोष्टी करून उरकण्यापेक्षा गोल बसून प्रत्येकाने आज मला कसं वाटतंय एवढं सांगितलं तरी बाईंना महिन्याभरात कळतं कोण गप्प आहे. (त्याच वर्षी चौथीपर्यंतची शाळा नऊच्या आधी नको असा जीआर आला तेव्हा काही पालक ऑफिसच्या वेळेवरून चिडले होते, पण झोप झालेलं पोर निम्मं शांत असतं हे सांगायला काउन्सेलर कशाला पाहिजे.)

आमच्या तिसरीतला एक मुलगा, चाळ रिडेव्हलपमेंटला गेली, घर लांब भाड्याने घेतलं, आईचा हट्ट की शाळा बदलायची नाही, त्यामुळे रोज गर्दीच्या लोकलने. पोरगा वर्गात झोपायला लागला, विचारलं की रडायचा. बाईंनी त्याला दहा मिनिटं उशीर माफ केला, कुंड्यांना पाणी घालायचं काम दिलं आणि मधल्या सुट्टीत जुन्या चाळीतल्या मित्राशेजारी डबा खायला बसवलं. दोन महिन्यांत रुळावर आला, काउन्सेलरचं नावही निघालं नाही.

पण सगळं बाईंवर टाकू नका. आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या हिशोबात प्राथमिकला तीस मुलांमागे एक शिक्षक, प्रत्यक्षात आमच्याकडे वर्गात पंचेचाळीस, वर इलेक्शन ड्यूटी, ऑनलाइन माहिती भरणं. आणि मुलाला भीती बाईंचीच वाटत असेल तर? आरटीईच्या कलम 17 मध्ये मारणं आणि मानसिक छळ दोन्हीला बंदी आहे, पण सगळ्यांसमोर टोमणा मारणं हा छळ आहे हे मान्य करायला स्टाफरूममध्ये कुणी तयार नसतं. तिथे बाहेरचं माणूस लागतंच.

शिवाय काही गोष्टी बाईंच्या नजरेला कळतच नाहीत. एक मुलगी वर्षभर वर्गात एक शब्द बोलली नव्हती, घरी मात्र तोंड बंद नाही, आम्ही सगळे लाजाळू म्हणून मोकळे झालो. आठवड्यातून एक दिवस येणाऱ्या काउन्सेलर मॅडमनी दुसऱ्याच भेटीत हे लाजणं नाही असं सांगितलं आणि हॉस्पिटलला पाठवलं.

म्हणून आम्ही निवडलं ते दोन्ही मिळून: बाईंचं ट्रेनिंग अधिक आठवड्यातून एक दिवस काउन्सेलर. पण एका अटीवर, तिने निम्मा दिवस वर्गात आणि मधल्या सुट्टीत बसायचं, उरलेल्या वेळात माती, चित्रं, बाहुल्या घेऊन मुलांबरोबर, आणि शेवटचा अर्धा तास बाईंसोबत. नुसती खोलीत बसली तर तिच्याकडे मस्तीखोर मुलांचीच यादी येते, आणि खोलीत गेला म्हणजे डोक्यात काहीतरी आहे असं अख्ख्या वर्गात होतं. घेताना विचारा: मराठीत बोलता येतं का, लहान मुलांबरोबर काम केलंय का. आणि तू सांगितलेलं मी कुणालाच सांगणार नाही असं ती मुलांना सांगत असेल तर सरळ नको म्हणा, लैंगिक अत्याचाराची गोष्ट कळली तर पॉक्सो कायद्याखाली पोलिसांना कळवावंच लागतं, बाईंना पण.

पैसेच नसतील तर देवनारची टिस किंवा निर्मला निकेतन या सोशल वर्क शिकवणाऱ्या संस्थांत विचारून बघा, तिथले विद्यार्थी फील्डवर्कला बाहेर जातात. उत्साही असतात, फक्त वर्ष संपलं की जातात आणि ज्या पोराला त्या ताईचा लळा लागलाय ते परत पहिल्यापासून.

पुढचं कुठे पाठवायचं ते मात्र कुठलाही पर्याय घेतला तरी लिहून ठेवा. केईएम, सायन, नायर या तिन्ही हॉस्पिटलांत मानसोपचाराची ओपीडी आहे, केसपेपर स्वस्त पण अख्खी सकाळ जाते, आईचा कामावरचा एक खाडा धरूनच चाला. वाचनात अडकणारं मूल बऱ्याचदा मस्तीखोर म्हणूनच ओळखलं जातं, तिसरीच्या आसपास एलडीची, म्हणजे लर्निंग डिसॅबिलिटीची टेस्ट करून घ्या. पालकांना रात्री-अपरात्री कुणाशी तरी बोलायचं असेल तर टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन 14416, मराठीत बोलता येतं, आणि मूल धोक्यात असेल तर मुलांची हेल्पलाइन 1098. हे दोन नंबर आम्ही डायरीच्या पहिल्या पानावर छापून घेतले.

आमच्या मॅडम बुधवारी येतात. आम्ही सोमवार मागितला होता, त्या नको म्हणाल्या, सोमवारची पोटदुखी कुणाची मंगळवारी जाते आणि कुणाची राहते ते आधी बाईंनी बघून ठेवायचं.