मोटार ट्रेनिंग क्लास, दादर पूर्व: पाचपैकी तीन

साठीला टेकल्यावर गाडी शिकायचं काढलं तेव्हा मुलगा म्हणाला, "आई, टॅक्सी कर." मी क्लास लावला. नाव लिहीत नाही, सर माणूस म्हणून भले आहेत. वीस दिवस, रोज अर्धा तास, साडेसहा हजार.

सिग्नल शिकवण्यात सरांना पैकीच्या पैकी. खोदादाद सर्कलला (नावात सर्कल, कारभार सगळा सिग्नलचा) माझी गाडी तीनदा बंद पडली, मागे हॉर्नचा नुसता कल्ला. सर ढिम्म. "मॅडम, त्याचा हॉर्न त्याच्यापाशी. तुम्ही हाफ क्लच धरा."

फाइव्ह गार्डन्सच्या गोलाशी (मध्ये वाटोळं बेट, त्याला वळसा घालून जायचं) मात्र सरांची विद्या संपली. सातव्या दिवशी मी तोंडाशी थांबले, तर म्हणाले, "घुसवा, इथे कोणी देत नाही." घुसवली. उजवीकडून सायकलवर इडलीवाला! सरांनी त्यांच्या बाजूचा ब्रेक दाबला, माझा चष्मा थेट मांडीवर. इडलीवाल्याने डबा सावरला, भोंगा एकदा दाबला आणि शांतपणे म्हणाला, "अम्मा, मैं तो अंदर था."

नियम तोच तर आहे! गोलात असलेल्याला आधी जाऊ द्यायचं, आणि आपल्याकडे तो उजवीकडूनच येतो. ब्रिटनमध्येसुद्धा 1966 साली हा नियम आला, त्याआधी तिथलेही गोल आतल्या आत तुंबायचे. माझा भाचा सिव्हिलवाला. तो सांगतो, चार रस्त्यांच्या साध्या नाक्यावर गाड्यांच्या वाटा एकमेकींना भिडण्याच्या 32 जागा असतात, एका लेनच्या गोलात 8. शिवाय वळायचं म्हणून वेग आपोआप उतरतो. पण सगळेच घुसवणारे असले की 8 जागाही पुरतात.

चालणाऱ्याला मात्र सिग्नलच बरा. शिवाजी पार्ककडे 2020 पासून पादचाऱ्यांच्या दिव्यात फ्रॉकवाली बाई दिसते. ती हिरवी झाली की मी सासूबाईंचा हात धरून निघते. गोलाशी त्यांना घेऊन उभं राहिलं तर कोणाच्या भरवशावर पाऊल टाकायचं?

लायसन्स पहिल्या फटक्यात मिळालं, ते श्रेय सरांचंच. क्लास लावाच, फक्त गोलाचा नियम घरून शिकून जा. सकाळी सातची बॅच मागा, नंतर शाळेच्या बस सुरू होतात. गाडीचा एसी चालत नाही, रुमाल न्या.