उभ्यानं तण काढायचं यंत्र आणि लोहाराचं खुरपं : नऊ महिने वापरल्यानंतर

गेल्या जूनमध्ये मृगाचा पाऊस पडला आणि कळंब्याच्या आमच्या घरामागची परसबाग आठ दिवसांत हिरवीगार झाली. त्यात मी लावलेलं फारसं काही नव्हतं. भेंडी, गवार आणि दोडका टोकला होता, तो कुठं उगवलाय हे बघायला गवत बाजूला सारावं लागत होतं. गुडघ्यामुळं मला फार वेळ उकिडवं बसवत नाही, म्हणून त्याच आठवड्यात 1,499 रुपयांचं, उभ्यानं तण उपटायचं यंत्र ऑनलाइन मागवलं. घरात एक जुनं खुरपं होतंच. पुढं आत्तींनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, लोहाराकडनं दुसरं करून आणायला लावलं. आता मार्च लागलाय. आठवड्यातनं निदान तीन दिवस दोन्ही हातात असतात. दोन्हींचा अनुभव सविस्तर लिहिते, कारण घेण्याआधी मला असं काही वाचायला मिळालं असतं तर बरं झालं असतं.

आधी यंत्र. कमरेच्या वर येईल एवढा दांडा, खाली चार पोलादी नख्या, पायानं दाबायला आडवी पट्टी आणि वर मुठीपाशी खटका. तणाच्या बुडख्यावर नख्या धरायच्या, पायानं दाबायच्या आणि दांडा मागं रेलायचा. नख्या आवळल्या जातात, झाड मुळासकट वर येतं. खटका ओढला की ते बादलीत पडतं. ओल्या मातीत सोटमुळाच्या तणाला हे फार चांगलं आहे. काटेमाठ, आघाडा, एकदांडी, सगळं न तुटता निघतं. काटेमाठाच्या बेचक्यातले काटे एकदा बोटात गेलेत ज्यांच्या, त्यांना लांबनं काढता येण्याची किंमत कळेल.

गाजरगवतासाठी तर मी हे यंत्र डोळे झाकून सांगेन. 1955 च्या सुमारास पुण्यात हे तण पहिल्यांदा नजरेत भरलं आणि आज आपल्याकडं रस्त्याकडेला ते नाही अशी जागा सापडत नाही. त्याच्या स्पर्शानं कातडीला खाज सुटते, परागांनी काहींना दम्यासारखा त्रास होतो. एका झाडाला हजारो बिया येतात. त्यामुळं पांढरी फुलं दिसायच्या आधी ते काढलं पाहिजे, आणि तेही उघड्या हातानं नाही. जुलैत एका सकाळी मी अशी 112 झाडं काढली, पाठ न वाकवता. शेजारच्या रिकाम्या प्लॉटमध्ये याच पानांवर मळकट पांढरे, पाठीवर काळपट नागमोडी रेघा असलेले भुंगेरे दिसले. हे मेक्सिकन भुंगेरे 1984 साली भारतात मुद्दाम सोडले गेले, गाजरगवत खाण्यासाठी. पानांची चाळण करून ठेवतात. तुमच्याकडं दिसले तर मारू नका, एवढंच सांगते.

मात्र यंत्रामुळं एक घोळ झाला. पुतण्या सुट्टीला आला होता, सात वर्षांचा. यंत्र त्याला खेळण्यासारखं वाटलं आणि मी आत चहा टाकेपर्यंत त्यानं एक अख्खी ओळ साफ केली. बाहेर येऊन बघते तर झेंडूची रोपं बादलीत आणि गाजरगवत वाफ्यात डौलात उभं. "काकू, तूच म्हणालीस कातरलेल्या पानांचं काढायचं!" त्याचं बरोबरच होतं. कोवळेपणी दोन्हींची पानं कातरलेली असतात. आत्ती हसून हसून खाली बसल्या. आम्ही झेंडू परत लावला, सतरापैकी नऊ रोपं जगली, आणि दसऱ्याला दाराचं तोरण त्याच झेंडूचं होतं. पोरांच्या हाती तण काढायचं काम देताना आधी पान चुरून वास घ्यायला शिकवा. झेंडूचा वास कुठलंही पोर विसरत नाही.

यंत्र जिथं हरतं ती तणं दोन : हरळी आणि लव्हाळा.

हरळी वरनंही पळते आणि जमिनीखालनंही. प्रत्येक पेऱ्याला मूळ फुटतं. नख्यांनी मधला झुबका उचलला की दोन्हीकडचे धागे तुटून आतच राहतात, आणि पंधरा दिवसांत एकाचे चार झुबके. गणपतीत गल्लीतली पोरं "काकू, दुर्वा हायत काय?" म्हणत आली तेव्हा मी फाटक सताड उघडून दिलं. त्यांना तीन पानांचे कोवळे शेंडेच हवे होते, एकवीसच्या जुड्या बांधायला. सगळी हरळी न्या म्हटलं तर एक मुलगी गंभीरपणे म्हणाली, "मुळासकट बाप्पाला चालत नाही काकू." वर्षभर जिच्याशी भांडायचं तिलाच त्या दहा दिवसांत हात जोडायचे.

आणि लव्हाळा. याच्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला, सगळ्यात जास्त चिडचिडही याच्यामुळं झाली. दिसायला गवतासारखा, पण बोटात धरून फिरवलात तर दांडा तीनधारी लागतो. यंत्रानं तो चटकन निघतो आणि आपल्याला वाटतं काम झालं. चौथ्या दिवशी त्याच जागी हिरवी सुई उभी. ऑगस्टभर मी एकच वाफा सहा वेळा साफ केला. सहाव्या वेळी आत्ती बाहेर येऊन उभ्या राहिल्या.

"काय करायलीयास?"

"लव्हाळा काढतेय, आत्ती."

"शेंडं काढायलीयास तू. गड्डा खालीच हाय की. आण ते खुरपं हिकडं."

त्या आयुष्यभर रानात भांगललेल्या. सत्तरी ओलांडली तरी मांडी घालून बसतात आणि बसल्याबसल्या पुढं सरकतात. त्यांनी खुरप्याचं टोक रोपापासून चार बोटं लांब, तिरकं घातलं आणि आख्खा मातीचा डिखळा उलथला. तो हातावर फोडला. आत काळपट तपकिरी गाठ, शेंगदाण्याएवढी. तिच्यापासनं तारेसारखा बारीक धागा, त्याच्या टोकाला दुसरी गाठ, मग तिसरी. तिसरीला पांढरा कोंब नुकता फुटलेला. आत्तींनी एक गाठ नखानं चिरून माझ्या नाकाशी धरली. वास ओळखीचा होता. दिवाळीच्या उटण्यात नागरमोथा असतो, तो याच कुळातला.

त्या दिवशी एका फुटाच्या चौकोनात 47 गाठी निघाल्या, मी मोजल्या. वरचा शेंडा आपण तोडत राहतो तेव्हा खालच्या साखळीतल्या झोपलेल्या गाठींना जाग येते. म्हणजे ऑगस्टभर मी तो वाढवतच होते. ह्या गाठी आमच्याकडं आल्या कुठनं, तर दोन वर्षांपूर्वी भरावाला टाकलेल्या मातीच्या ट्रॉलीतनं. कधी माती विकत घेतलीत तर पसरायच्या आधी चार जागी हात घालून बघा. ही एक गोष्ट केली असती तर माझी दोन वर्षं वाचली असती.

म्हणून लोहाराचं खुरपं. गाडीच्या कमानपाट्यातनं घडवलेलं, बाभळीची मूठ, 180 रुपये. बाजारात साठ-सत्तरला पत्र्याचं मिळतं, ते आमच्या घट्ट मातीत दुसऱ्या दिवशी वाकतं. हे आणल्यापासनं दोनदा पाजवून आणलं, बाकी खर्च शून्य. मूठ सुरुवातीला हाताला लागली, तळहाताला फोड आला. मग जुन्या सुती साडीची पट्टी गुंडाळली आणि तो त्रास संपला. गुडघ्यासाठी मी चार इंच उंचीचा लाकडी पाट घेतला. अर्धा तास पाटावर, मग उठून यंत्रानं उभ्यानं, असं आलटून पालटून जमतं. गुडघा दुखायचा पूर्ण थांबला नाही, पण रात्री मलम लावावं लागत नाही.

दोन्ही अवजारांना वाफसा लागतो, म्हणजे माती चिखलही नको आणि कोरडी ठणठणीतही नको. मूठभर माती दाबायची : गोळा झाला पाहिजे, आणि कमरेच्या उंचीवरनं सोडल्यावर फुटला पाहिजे. चिखलात यंत्राच्या नख्यांत माती इतकी बसते की दर दोन झाडांमागं काडीनं कोरावं लागतं. ऑक्टोबरच्या उन्हात उलटं झालं. जमीन दगडासारखी, मी जोरानं पाय दिला आणि एक नखी वाकली. विकणाऱ्यांना फोटो पाठवला. उत्तर आलं की नख्या वॉरंटीत बसत नाहीत. पंधराशे रुपयांच्या वस्तूत ज्या भागानं काम करायचं तोच भाग वॉरंटीत नसावा, याचा मला अजून राग आहे. लोहारानं चाळीस रुपयांत ती सरळ केली, आणि पहिल्यापेक्षा मजबूत झालीय.

फवारणी करा असं दोघा-तिघांनी सुचवलं. ग्लायफोसेट हे तणनाशक पानातनं गाठीपर्यंत उतरतं हे खरं. पण 2022 च्या ऑक्टोबरात केंद्र सरकारनं त्याचा वापर कीड नियंत्रण करणाऱ्या व्यावसायिकांपुरताच ठेवायचा आदेश काढला. शिवाय हातभर अंतरावर दोडका असताना मी ते मारणार नाही.

त्यापेक्षा पाचट, म्हणजे उसाचा वाळका पाला. नोव्हेंबरात ऊसतोड सुरू झाल्यावर नणंदेच्या रानातनं दोन भारे आणले आणि वांग्याच्या ओळींत चार बोटं जाड अंथरलं. बियांचं तण तिथं जवळजवळ बंद झालं, पाणीही दिवसाआड पुरतंय. लव्हाळा त्यातनंही वर आला. पण कमी आला, आणि खालची माती भुसभुशीत राहिल्यानं गाठीसकट निघाला.

सगळंच तण फेकू नका. घोळ ही रानभाजी आमच्याकडं बादलीत जात नाही, टोपलीत जाते. जाडसर, आंबूस पान, मूगडाळ घालून, वरनं लसणाची फोडणी आणि घरची कांदा-लसूण चटणी. ज्वारीच्या भाकरीबरोबर आत्ती ती दोनदा घेतात. तांदुळज्याचंही तसंच.

घ्यायचं काय, तर : बाग छोटी आणि हरळी-लव्हाळा असेल तर फक्त खुरपं घ्या, कमानपाट्याचंच. गाजरगवत जास्त असेल किंवा कंबर-गुडघे धरत असतील तर यंत्रही घ्या, पण चार नख्यांचं, आणि वॉरंटी वाचून. यंत्राला पाचपैकी तीन, खुरप्याला पाच.

लव्हाळ्याचा मोठा वाफा मी आता रिकामा ठेवलाय. एप्रिलमध्ये तो वीतभर खणून पाणी न देता तापवायचा आहे, उघड्या पडलेल्या गाठी उन्हात वाळून मरतात म्हणून. काल कडेला थोडं खणून बघितलं. फूटभर जागेत अकरा गाठी. आत्ती म्हणाल्या, "उतरलाय की गं," आणि पाट ओढून घेऊन बसल्या.