पैसा, पत आणि जेन एअर

शार्लट ब्राँटे यांनी ‘करर बेल’ या टोपणनावाने १८४७ साली प्रसिद्ध केलेली ‘जेन एअर’ ही कादंबरी बहुतेक जण प्रेमकथा म्हणून हाती घेतात. परंतु नायिकेची नीती आणि तिची सामाजिक पायरी यांची ओढाताण हाच तिचा खरा गाभा आहे, असे मला वाटते.

जेन अनाथ आहे आणि वर्षाला ३० पौंड पगारावर रॉचेस्टर या धनिक जमीनदाराच्या घरी शिकवणीला राहते, म्हणजे तिची गणना ना धड नोकरांत, ना घरच्यांत. त्याची पहिली बायको हयात असल्याचे त्याच्या आणि जेनच्या ऐन लग्नात उघड होते आणि तो जेनला फ्रान्समध्ये आपल्यासोबत राहण्याची गळ घालतो. तुझी पर्वा आहे कोणाला, असे तिचेच मन तिला विचारते. माझी मला आहे, असे ती त्या मनालाच बजावते आणि पहाटे घर सोडते.

इथवरचे धैर्य इतर कादंबऱ्यांतही सापडेल. त्यानंतरची पाने मात्र विलक्षण आहेत. जवळचे २० शिलिंग गाडीभाड्यात गेलेले, बोचके गाडीतच राहिलेले, अशी जेन पावाच्या मोबदल्यात गळ्यातला रेशमी रुमाल देऊ करते, तर हा कुठून आणला कोणास ठाऊक, म्हणून दुकानदारीण तो नाकारते. पुढे डुकरापुढे टाकायला काढलेली थंडगार लापशी ती एका मुलीकडून मागून घेते. विशेष म्हणजे, आसरा मिळाल्यावर मोलकरीण हॅना तिला भिकारीण समजते, तेव्हा ती दुखावते आणि घर नाही, पैसा नाही म्हणून माणसाला हिणवू नये, असे तिला सुनावते. पत गमावून स्वातंत्र्य विकत घेण्याइतकी लहानपणी आपण शूर नव्हतो, अशी कबुलीही हीच जेन देते, आणि गावातल्या शाळेत शेतकऱ्यांच्या मुली शिकवताना तिला आधी कमीपणाच वाटतो. स्वतःच्या नायिकेतला हा वर्गाभिमान लेखिकेने झाकलेला नाही, हे मला फार मोलाचे वाटते.

शेवटी मात्र लेखिकेचा धीर सुटतो. मदिरा बेटावरच्या काकांचे २०,००० पौंड जेनला मिळतात. ती ते चौघांत सारखे वाटते खरे, पण ५,००० पौंड गाठीशी आल्यावरच रॉचेस्टरकडे परतते, आणि तोवर त्याची पत्नी आगीत सोयीस्करपणे मेलेली असते. ३०,००० पौंडांसाठी जमैकाहून लग्न करून आणलेल्या त्या पत्नीला, बर्थाला, जेनइतक्या न्यायी निवेदिकेच्या कादंबरीत, स्वतःची बाजू मांडायला एक वाक्यही मिळत नाही.