स्क्विड की लॅनकॅशे? सहाशे कनेक्शनवाल्याने काय बसवावं

भांडुपला टेंभीपाड्याच्या बाजूला एका छोट्या केबल-इंटरनेटवाल्याचं नेटवर्क मी सांभाळतो. कनेक्शनं सहाशेच्या आत. रात्री नऊनंतर लाइन गच्च भरायची आणि जास्तीची बँडविड्थ घ्यायची तर मालकाच्या कपाळाला आठ्या. म्हणून कॅशे, म्हणजे एकदा उतरवलेली फाइल साठवून पुढच्या गिऱ्हाइकाला जवळूनच देणारं मशीन. आधी स्क्विड, मग लॅनकॅशे, दोन्ही वापरून झाले. बसवायचे कसे ते तुम्हाला माहीत असेलच.

स्क्विडबद्दल मला आदर आहे. 1996 पासूनचं सॉफ्टवेअर, वळवाल तसं वळतं. पण ते वाढलं तेव्हा वेब उघडं होतं. आता बहुतेक सगळं एचटीटीपीएस, म्हणजे कुलूपबंद. स्क्विडच्या हातात बंद पाकीट येतं आणि तसंच पुढे जातं. पाकीट फोडायची सोय आहे, एसएसएल बंप, पण त्यासाठी गिऱ्हाइकाच्या फोनवर आपलं सर्टिफिकेट टाकावं लागतं. म्हणजे त्याच्या पासबुकात डोकावण्यासारखंच. वर बँकेची अ‍ॅप्स असं सर्टिफिकेट बघून अडून बसतात. मी त्या वाटेला गेलो नाही.

उरतात त्या उघड्या एचटीटीपीवरून येणाऱ्या मोठ्या फाइली: विंडोजची अपडेट्स आणि स्टीमचे गेम. मायक्रोसॉफ्टची अपडेट्स महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात, आपल्या घड्याळात रात्री साडेदहा-साडेअकराला, म्हणजे नेमकी गर्दीत. स्क्विडची फाइलमर्यादा मुळात 4 एमबी आणि तुकड्यातुकड्याने मागवलेली फाइल तो साठवत नाही. दोन्हींवर उपाय आहे. माझा एक रविवार त्यात गेला, तक्रार नाही.

तक्रार वेगळीच आहे. स्क्विड मी पारदर्शक प्रॉक्सी म्हणून, म्हणजे गिऱ्हाइकाला न कळता मध्ये बसवलेला: पोर्ट 80 ची, म्हणजे साध्या एचटीटीपीची, सगळी वाहतूक त्या मशीनमधून. पावसाळ्यात एका रात्री डिस्क अडखळली, स्क्विड लटकला. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा फोन: "अरे, यूट्यूब चालतंय, पण लॅपटॉप म्हणतो नेट नाही. नक्की खोटं कोण बोलतंय?" मला उलगडायला तास लागला. नेट आहे की नाही हे विंडोज एक छोटी मजकूर-फाइल साध्या एचटीटीपीवरून मागवून ठरवतं. ती स्क्विडपाशी अडकलेली. बाकी सगळं एचटीटीपीएसवरून छान सुरू, पण कोपऱ्यातलं चिन्ह 'नो इंटरनेट', आणि त्या चिन्हावर विसंबणारी ऑफिसची सॉफ्टवेअरं बंद. घरून काम करणारे एकामागून एक फोन करत होते आणि इकडे लाइनीत काहीच बिघाड नाही! असं तीनदा झालं.

लॅनकॅशे रस्त्यात बसत नाही. आपला डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता सांगणारा सर्व्हर) ठरावीक नावांनाच त्याच्याकडे वळवतो: स्टीम, विंडोज अपडेट, असे मोजके. तो बंद पडला तर एखाद्याचा गेम थांबतो, काकूंचा लॅपटॉप नाही. आत एनजिनएक्स हा वेब सर्व्हर आहे, फाइली 1 एमबीच्या तुकड्यांत साठवतो, त्यामुळे तो रविवारही वाचतो.

उणीव आहेच. ज्याने आपल्याऐवजी गूगलचा डीएनएस 8.8.8.8 टाकलाय किंवा फोनमध्ये प्रायव्हेट डीएनएस लावलाय, तो याच्या हाती लागत नाही. स्क्विडला याचं सोयरसुतक नसतं. आणि लॅनकॅशे मुळात गेमिंगच्या जत्रांसाठी बनलेला, इंटरनेटवाल्यांसाठी नव्हे. कनेक्शनं हजारोंत असतील तर माझा अनुभव तुम्हाला कदाचित लागू पडणार नाही. यूट्यूबला तर दोघांचाही उपयोग नाही. त्यासाठी गूगलचा कॅशे ज्याच्याकडे आहे असा अपस्ट्रीम, म्हणजे आपल्याला बँडविड्थ विकणारा, बघा, मुंबईत ते अवघड नाही.

किती टक्के वाचलं ते मी मोजलेलं नाही. एवढं सांगतो, दुसऱ्या मंगळवारच्या रात्री आता आलेखाचा डोंगर पूर्वीसारखा उठत नाही, आणि मालकाने नवी लाइन मागितलेली नाही. स्क्विडचं मशीन फेकलं नाही. डिस्क बदलून त्यावर अनबाउंड हा डीएनएस सर्व्हर चालवतोय.